गडाखालचा धर्मग्राम



अलिबागहून मुरुडच्या रस्त्याला लागलं की आधी चौल लागतं, मग रेवदंडा. रेवदंड्याबाहेर कुंडलिकेच्या खाडीवर पूल आहे. त्या पुलावरून उजवीकडे पाहिलं की समुद्रात शिरलेली एक लांबट, चिंचोळी टेकडी दिसते. तिच्या माथ्यावर कोर्लईचा किल्ला आहे, उतारावर दीपगृह आहे आणि टेकडी जिथे जमिनीला मिळते तिथे कोर्लई गाव. गावात कोळीवाडा आहे, तशीच ख्रिस्ती वस्तीही आहे आणि कारमेल मातेचं चर्चही आहे. किल्ला बघायला येणारे बहुतेक जण गाडी लावतात, वर चढतात, फोटो काढतात आणि काशिदच्या किनाऱ्याकडे निघून जातात. मला आज सांगायचं आहे ते त्या चर्चमध्ये जमणाऱ्या माणसांविषयी. माझ्या मते कोर्लईतली खरी जुनी वास्तू म्हणजे ती माणसंच.

सुरुवात मात्र खाडीच्या पलीकडून करावी लागेल. पोर्तुगीज चौलच्या बंदरात आले ते १५०५ च्या सुमारास. तीनच वर्षांनी, १५०८ मध्ये, याच बंदरात इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांशी त्यांची लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेंसो द आल्मेदा तिच्यात मारला गेला. पुढे १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने त्यांनी इथे, आजच्या रेवदंड्यात, किल्ला उभारला. त्या तटाच्या आत एक अख्खं शहर वाढलं. फ्रान्सिस्कन आले, डॉमिनिकन आले, जेझुइट आणि ऑगस्टिनियनही आले. प्रत्येक धर्मसंघाचं आपलं चर्च, आपला मठ. आज रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून हिंडताना अवचित एखादी कमान समोर येते, छप्पर नसलेली भिंत येते, आणि फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा तो उंच मनोरा येतो, ज्याला लोक सातखणी म्हणतात. हे सारं त्या शहराचं उरलेलं.

समोरची कोर्लईची टेकडी निजामशाहीने तटबंदी घालून बळकट केली, तिच्यावरून चौलच्या बंदरावर तोफा डागता याव्यात म्हणून. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये ती जिंकून घेतली आणि स्वतःसाठी आणखी पक्की केली. गडावरही त्यांनी चर्च बांधलं. तेही आता उघडंच आहे. भिंती आहेत, छप्पर नाही.

मग १७३९ साल आलं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली. ती कथा आपण शाळेत ऐकतो आणि अभिमानाने ऐकतो. वसईच्या तहात एक कलम होतं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही : जे ख्रिस्ती लोक मागे राहू इच्छितात त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहील. पुढच्या वर्षी, १७४० मध्ये, झालेल्या तहाने चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज अधिकारी, धनिक कुटुंबं, युरोपीय पाद्री गोव्याकडे निघून गेले. ज्यांच्यापाशी गाठोडं बांधण्याजोगं काही नव्हतं आणि गोव्यात ज्यांचं कुणी नव्हतं ते इथेच राहिले. शिपायांच्या, नोकरचाकरांच्या, कष्टकऱ्यांच्या घरातली ही माणसं. त्यांच्या आज्या-पणज्या याच मातीतल्या होत्या; काहींच्या घराण्यात कधीकाळी एखादा गरीब पोर्तुगीज शिपाई जावई म्हणून आलेला होता. कोर्लईचा ख्रिस्ती समाज तो हाच.

खाडीच्या पलीकडे चार-चार संघांनी दगडात बांधलेली चर्चं ओस पडली आणि गडाच्या पायथ्याशी या मोजक्या गरीब घरांची प्रार्थना चालू राहिली. एरवी आपण धर्माचा इतिहास इमारतींवरून मोजतो. कोर्लईत तो मोजायचा तर घरातल्या तसबिरीपुढे म्हटलेल्या रोझरीवरून मोजावा लागेल.

आणि ही प्रार्थना कोणत्या भाषेत होत होती? मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये. जगभरातल्या कॅथलिकांची तेव्हा तीच रीत होती. पण प्रवचन, गाणी आणि प्रार्थना पोर्तुगीजमध्ये, कारण धर्मगुरू गोव्याहून येत, आणि ते येणं सत्ता गेल्यावरही थांबलं नाही. राज्य मराठ्यांचं झालं, नंतर इंग्रजांचं झालं, गोव्याच्या धर्मगुरूंची वाट मात्र मोडली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, पोर्तुगीज जाणणारा कुणी ना कुणी धर्मगुरू कोर्लईला लाभत राहिला.

घरात मात्र लोक चर्चमधली पोर्तुगीज बोलत नसत. त्यांची बोली वेगळी, पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून जन्मलेली. ते तिला नॉ लिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बाहेरचे लोक क्रिस्ती म्हणतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने तिचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. या बोलीतली पोर्तुगीज वंशाची क्रियापदं मूळच्याप्रमाणे आ, ए, ई अशा तीन स्वरांनी संपतात. मराठीतून जी क्रियापदं आली त्यांच्यासाठी या लोकांनी चौथं घर केलं : मराठी धातू घ्यायचा आणि शेवटी ऊ लावायचा. मग तेही क्रियापद बाकीच्यांसारखंच काळाप्रमाणे चालवायचं. वाक्याची ठेवणही हळूहळू आपल्यासारखी झाली. क्रियापद शेवटाकडे सरकलं. हे कुणा पंडिताने बसून ठरवलेलं नाही. भाताच्या खाचरात, भाजीच्या वाफ्यात काम करणाऱ्या, शेजारणीशी मराठीत आणि लेकराशी आपल्या बोलीत बोलणाऱ्या बायकांनी ते घडवलं.

अशी बोली एकेकाळी साऱ्या उत्तर कोकणात होती. वांद्रे, साष्टी, वसई या भागातल्या ख्रिस्ती समाजातही ती बोलली जायची. गोव्याचे विद्वान धर्मगुरू सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये या उत्तरेकडच्या बोलीवर सविस्तर लिहून ठेवलं. मुंबईच्या बाजूला मात्र इंग्रजी नोकऱ्या आल्या, इंग्रजी शाळा आल्या, आणि ती बोली विरली. कोर्लईत ती राहिली.

का राहिली, याचं कारण गोड नाही आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गावातल्या हिंदूंपासून या लोकांना धर्माने वेगळं पाडलं होतं. इतर ख्रिस्ती समाजांपासून जातीने. बाप्तिस्म्याने जात गेली नव्हती. वरच्या जातीतले ख्रिस्ती त्यांच्याशी सोयरीक करत नव्हते. त्यामुळे लग्नं गावातल्या गावात आणि बोलणंही गावातल्या गावात. पलीकडे खाडी, अलीकडे डोंगर. आज आपण या बोलीचं कौतुक करतो ते रास्तच आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवलेल्या माणसांनी ती जपली, हे त्या कौतुकातून गळता कामा नये.

१९६० नंतर बऱ्याच गोष्टी बदलल्या. रोममध्ये व्हॅटिकनची दुसरी परिषद भरली आणि डिसेंबर १९६३ मध्ये तिने लोकांच्या भाषेत उपासना करायला वाट मोकळी केली. महाराष्ट्रातल्या कॅथलिकांसाठी हा मोठाच आनंद होता. वसईच्या, उत्तनच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा ऐकताना किती जणांचे डोळे भरले असतील! कोर्लईलाही मराठी मिस्सा आली. लोकांना मराठी येत होतीच, शाळा मराठी होती, बाजार मराठी होता. पण इथे लॅटिन आणि पोर्तुगीजच्या जागी जी आली, ती घरातली बोली नव्हती. घरातल्या बोलीला लिपी नव्हती, छापील प्रार्थनापुस्तक नव्हतं, आणि हजाराच्या आतबाहेर माणसांसाठी ते कुणी तयार करावं, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. वेदीपाशी तिला जागा मिळाली नाही. ती राहिली ती चुलीपाशी, शेतावर, लग्नातल्या गाण्यांत.

पुढे खाडीवर पूल झाला. होडीची वाट बघणं संपलं. दवाखाना, कॉलेज, नोकरी जवळ आली. हे व्हायलाच हवं होतं. मुलं अलिबागला, मुंबईला गेली, लग्नं बाहेर जमू लागली. सून दुसऱ्या गावची आली की घरात मराठी बोलली जाते आणि नातवंडं मराठीत वाढतात. कोची शहरासमोरच्या वायपिन बेटावर अशीच एक पोर्तुगीज बोली होती. ती जाणणारे शेवटचे गृहस्थ, विल्यम रोझारिओ, ऑगस्ट २०१० मध्ये वारले आणि ती बोली त्यांच्याबरोबर गेली. कोर्लईची परिस्थिती अजून तशी नाही. इथे आजही अंगणात ती ऐकू येते, आईबाप मुलांना तिच्यातच हाक मारतात.

म्हणून मुंबईत, ठाण्यात, पनवेलला राहणारं कोर्लईचं कुणी हे भाषण ऐकत असेल, तर त्यांना माझी एक विनंती आहे. १६ जुलैला कारमेल मातेचा सण असतो. भातलावणीचे दिवस असतात, पाऊस धो धो असतो, पण सणाला तुम्ही गावी जाल. त्या दिवशी आजीजवळ बसा, फोनवर तिचा आवाज भरून घ्या. लग्नातली गाणी, पोराला निजवतानाचे शब्द, भांडणातले शब्दसुद्धा. पोर्तुगीजमध्ये पाठ केलेल्या जुन्या प्रार्थना तिला अजून येत असतील, तर त्याही म्हणायला सांगा. आणि तुमच्या धर्मगुरूंना विचारा, की त्या सणाच्या मराठी मिस्सामध्ये निदान एक गीत घरच्या बोलीत म्हणता येईल का.