बारीक माणसाचं पोट

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'पन्नाशीकडे जाताना' असा विषय दिला होता. मी तो जरा आवळून घेतला आहे. पंचाणव्वेच्या बॅचचा ग्रुप फोटो आणि आज सकाळी काढलेला फोटो शेजारी ठेवून पाहा. आपल्यातली बरीच मुलं तेव्हा काडीपैलवान होती. हात-पाय, मान, गाल आजही तसेच आहेत. फक्त मधोमध एक छोटा माठ ठेवल्यासारखा दिसतो. हसू नका. आज मी त्या माठाबद्दलच बोलणार आहे.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. हा विषय माझ्या घरी आला तो माझ्या दादामुळे. दादा आपल्याच शाळेचा, आपल्यापुढे दोन वर्षं. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि त्याला विचारूनच मी हे सांगते आहे. उंची पाच फूट सहा इंच, वजन ६४ किलो. 'तुला काय धाड भरली आहे, तू तर सडपातळ,' असं आम्ही सगळेच म्हणायचो. फोटो काढताना 'पोट आत घे' एवढीच काय ती थट्टा. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत मधुमेह निघाला, यकृतावर चरबी निघाली. आईचा पहिला प्रश्न होता, 'अहो, पण हा जाड कुठे आहे?'

या प्रश्नाचं उत्तर आपल्या पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सारखेच सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा तोच, पण आतला माल वेगळा.

याची मुळं जन्माआधीची आहेत. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली गेली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, त्यांचं ३.५ किलोचं. आपल्या बाळाचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे हेच बाळ मोठं होऊन खुर्चीत बसतं, भरपूर खातं आणि जादा चरबी पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. हात-पाय बारीक म्हणजे स्नायू कमी. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायू उचलतात. गोदामच लहान, मग साखर रक्तात राहणार.

आता उपायांकडे येते. दादाने सगळे करून पाहिले.

आधी पोटाचा पट्टा आणला. घाम आला, चरबी तिथेच. मग तीन महिने रोज शंभर सिट-अप्स. पोटाचे स्नायू घट्ट झाले, घेर तसाच. व्यायाम पोटाचा केला म्हणून चरबी पोटाचीच वितळते असं होत नाही. मग लायपोसक्शनची चौकशी. त्यात निघते ती कातडीखालची चरबी. आपला शत्रू आत, अवयवांभोवती बसलेला. अमेरिकेत पंधरा लठ्ठ स्त्रियांची अशी सुमारे दहा किलो चरबी काढली, तरी इन्सुलिनचं काम सुधारलं नाही, असं २००४ सालीच प्रसिद्ध झालं आहे. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं लठ्ठपणासाठी आहेत. त्यांत चरबीबरोबर स्नायूही उतरतात. बारीक माणसाने ती मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नयेत.

उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. डॉक्टरांनी मधुमेहाच्या गोळ्या दिल्या, त्या त्याने चुकवल्या नाहीत. घर ते स्टेशन शेअर रिक्षा सोडून, हायवे ओलांडून चालत. आठवड्यातून तीन दिवस जोर, बैठका आणि थोडी वजनं. पीटीच्या सरांनी शिक्षा म्हणून काढायला लावलेल्या उठाबशा आता तो पैसे भरून जिममध्ये काढतो! ताटात भात निम्मा. उसळ, डाळ, अंडी, मासे, दही वाढवलं. सहा वाजताचा वडापाव आणि दोन साखरेचे चहा गेले. शनिवारचं 'बसणं' महिन्यातून एकदा. रात्री मोबाईल बाजूला ठेवून सात तास झोप.

वर्षाने वजन उतरलं फक्त दोन किलो. काट्यावर विश्वास ठेवला असता तर त्याने सोडून दिलं असतं. पण कंबर ९४ सेंटिमीटरवरून ८८ वर आली आणि साखर आटोक्यात आली.

म्हणून मित्रांनो, काटा नको, टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही धोक्याची रेषा. पँटचा नंबर सांगू नका. पँट तुम्ही पोटाच्या खाली बांधता! रेषेपलीकडे असाल तर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, प्रत्येक पोट चरबीचं नसतं. अचानक वाढलं, कडक लागलं, पाय सुजले किंवा एका जागी फुगवटा आला, तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

टेप नसेल तर आपल्या उंचीएवढी सुतळी कापा आणि दुहेरी करा. ती कमरेभोवती पुरली पाहिजे. सुतळीचा गुंडा आणि कात्री मी नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे. जेवणाआधी मोजा, जेवणानंतर सबबी सुचतात.

दादाला कोणी 'जाड' म्हटलं असतं तर तो आधीच डॉक्टरकडे गेला असता. आपण त्याचं कौतुक करत राहिलो. पुढच्या मेळाव्याला आपण सगळे याच फोटोत हवे आहोत, म्हणून एवढं बोलले.