ट्रकच्या इंजिनाचे वंगण : साधे की कृत्रिम?



कांदा बाजार समितीत येतो, ऊस कारखान्यावर पोचतो आणि टंचाईच्या दिवसांत वाडीवस्तीवर टँकरने पाणी जाते, ते डिझेल इंजिनाच्या बळावर. डिझेलच्या खर्चाची चर्चा सर्वत्र होते. वंगणाची क्वचितच होते. वास्तविक वंगणाच्या बाबतीत हयगय होऊन इंजिन जाम झाले, तर एका ट्रकवर संसार चालविणाऱ्या मालकाची कमाई बुडते आणि पंचायतीचा टँकर ऐन उन्हाळ्यात उभा राहतो. बाजारात खनिज तेलापासून केलेले साधे इंजिन ऑईल मिळते, तसेच त्याहून बरेच महाग असे कृत्रिम, म्हणजे सिंथेटिक ऑईलही मिळते. महाग ते चांगले ही समजूत जशी अपुरी, तशीच स्वस्त ते काटकसरीचे हीही.

दोहोंतील फरक

साधे तेल कच्च्या खनिज तेलाच्या जड भागाचे शुद्धीकरण करून तयार होते. त्यात लहानमोठे रेणू मिसळलेले असतात आणि मेणाचा अंशही राहतो. कृत्रिम तेलाचे रेणू रासायनिक क्रियेने बरेचसे एकसारखे घडविलेले असतात. खनिज तेलावर हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून मिळविलेले तेलही आज याच नावाने विकले जाते. एकसारख्या रेणूंमुळे हे तेल थंडीत सहज वाहते, उष्णतेत लवकर बिघडत नाही आणि कमी उडून जाते. परंतु धूळ, काजळी आणि पाणी यांपासून इंजिनाची सुटका कोणतेच तेल करीत नाही. एअर फिल्टर फाटलेला असेल, तर महाग तेलही तितकेच लवकर खराब होते.

डब्यावरील आकडे

ट्रकसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या तेलाच्या डब्यावर '१५डब्ल्यू-४०' असे लिहिलेले असते. 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक आहे. त्यामागील आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक प्रवाही. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेलाचा दाटपणा किती राहतो, ते दर्शवितो. १५डब्ल्यू तेलाची इंजिन सुरू होण्याविषयीची चाचणी उणे २० अंशांवर, तर ५डब्ल्यूची उणे ३० अंशांवर घेतात. महाराष्ट्रात असा गारठा कोठेच पडत नाही. लडाखकडे जाणाऱ्या ट्रकला जो लाभ मोलाचा, तो मराठवाड्यातील ट्रकला फारसा उपयोगी नाही. विदर्भाचा उन्हाळा, घाटाची चढण आणि पूर्ण भार यांत मात्र कृत्रिम तेलाची उष्णता सोसण्याची शक्ती कामास येते.

याहून महत्त्वाची आहे ती तेलाची प्रत. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ मानक लागू झाले. या मानकाच्या ट्रकच्या धुराच्या मार्गात काजळी अडविणारी गाळणी असते. अडकलेली काजळी जाळून टाकता येते; तेलातील रसायनांची राख मात्र जळत नाही, ती गाळणीत साचते. म्हणून अशा वाहनांना कमी राखेचे, सीके-४ किंवा उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच तेल लागते. येथे चुकीच्या प्रतीचे कृत्रिम तेल योग्य प्रतीच्या साध्या तेलापेक्षा अधिक घातक ठरू शकते. वाहनाच्या पुस्तिकेत कृत्रिम तेलच सांगितले असेल, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही.

हिशेब किलोमीटरचा

पुस्तिकेने दोन्ही प्रकारांस मुभा दिली असेल, तेथे हिशेब लिटरवर नव्हे, किलोमीटरवर मांडावा. समजा, इंजिनात १५ लिटर तेल मावते; साधे तेल ३०० रुपये लिटर, कृत्रिम ६०० रुपये आणि फिल्टर १,५०० रुपयांचा आहे. साधे तेल २०,००० किलोमीटरला बदलल्यास एकूण ६,००० रुपये, म्हणजे किलोमीटरला ३० पैसे खर्च येतो. कृत्रिम तेलाचा खर्च १०,५०० रुपये. तेही २०,००० किलोमीटरलाच बदलले, तर किलोमीटरला साडेबावन्न पैसे पडतात. ४०,००० किलोमीटर चालविण्यास उत्पादकाची संमती असेल, तर सव्वासव्वीस. म्हणजे लाभ आहे तो लांबलेल्या मुदतीत. अशी मुदत स्वतःच्या अंदाजाने वाढविणे मात्र धोक्याचे होय.

मुंबई-नागपूर अशी सतत धाव घेणाऱ्या ट्रकला ही मुदत गाठता येते. गावच्या टँकरचे तसे नसते. तो अंतर थोडे कापतो. पण पंप चालविण्यासाठी इंजिन उभ्या जागी तासन्‌तास चालते. अशा वाहनाचे तेल किलोमीटरवर नव्हे, तासांवर व महिन्यांवर बदलावे लागते. तेव्हा पुस्तिकेत मुभा असल्यास योग्य प्रतीचे साधे तेल वेळेवर बदलणे हीच त्याच्या बाबतीत खरी काटकसर ठरते. तेल जाळणाऱ्या जुन्या इंजिनात महाग तेल ओतणेही व्यर्थच.

घ्यावयाची दक्षता

तेल काळे झाले म्हणजे निकामी झाले, असे नव्हे. काजळी तरंगत ठेवणे हे त्याचे कामच आहे. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले असे समजावे. पातळी वाढून डिझेलचा वास आला, तर मेस्त्रीस त्वरित दाखवावे. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. खरेदी मोहोरबंद डब्यातून व पावती घेऊनच करावी. रिकामा डबा भोसकून टाकावा, म्हणजे त्यात बनावट माल भरला जाणार नाही.

जळके ऑईल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यासच द्यावे.

प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या वाहनासाठी एक नोंदवही ठेवावी. तेलाची प्रत, बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि इंजिनाचे तास तीत नियमित लिहावेत. साधे की कृत्रिम, या प्रश्नाचे उत्तर वाहनाच्या पुस्तिकेत आणि या वहीत सापडेल. त्या उत्तराप्रमाणे वागल्यास सार्वजनिक पैसा वाचेल आणि तहानलेल्या वस्तीवरील पाण्याची खेप चुकणार नाही.