कोट मोजा, मग बॅग घ्या

जयपूरच्या जगतपुऱ्यातून बोलतोय. आज विषय साधा आहे, पण त्यावर प्रश्न फार येतात: कामाच्या दौऱ्यावर सूट न्यायचा तर बॅग कुठली घ्यावी?

आमच्या भागात हा प्रश्न रोजचाच. सांगानेरचा विमानतळ जवळ, सीतापुऱ्याची औद्योगिक वसाहत जवळ, शिवाय इंजिनिअरिंगची आणि मॅनेजमेंटची कॉलेजं. सकाळी दूध आणायला खाली उतरलं की एखादी तरी ट्रॉली बॅग खडखडत जाताना दिसतेच. मी स्वतः विक्रीच्या कामात, महिन्यातून दोन-तीनदा बाहेर असतो.

तुम्ही म्हणाल, बॅगेवर भाषण कशाला? कारण आपल्याकडे बहुतेकांच्या कपाटात सूट एकच असतो. लग्नात किंवा भावाच्या लग्नात शिवलेला. त्याच एका सूटवर नोकरीची मुलाखत, बढतीची मुलाखत, मोठ्या गिऱ्हाइकाची पहिली भेट, सगळं निभवायचं असतं. तो हॉटेलच्या खोलीत चुरगळलेला निघाला तर बदलायला दुसरा नसतो. सकाळी साडेनऊची भेट असली तर धोबीही सापडत नाही.

आता दुकानात काय होतं? आपण चाकं फिरवून बघतो, हँडल ओढून बघतो, रंग बघतो, सवलत किती ते विचारतो. नाशिककरांना तर सांगायलाच नको, सॅमसोनाइटचा कारखाना त्यांच्या गोंद्यालाच आहे. बॅगा कशा बनतात ते तिथं घरोघरी माहीत. पण कोट मोजून बॅग घ्यायला आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी कोट मोजा.

घरी टेप घ्या. मध्यम बांध्याच्या माणसाचा कोट कॉलरखालून खालपर्यंत साधारण ७४ सेंटिमीटर भरतो आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत ४६. विमानात वर ठेवायची बॅग सहसा ५५ बाय ३५ बाय २५ची, म्हणजे तिन्ही मापांची बेरीज ११५. हे बाहेरचं माप झालं. चाकं आणि हँडलच्या नळ्या वजा केल्या की आत ५० बाय ३२-३३ उरतात. ४६चा खांदा ३३मध्ये सपाट बसणार नाही. म्हणजे कोट दुमडावा लागणारच. तो कुठं दुमडायचा, हे आपण ठरवायचं. नाही ठरवलं तर बॅग ठरवते, आणि ती नेमका खांदा मोडते. कोटात पॅड, बकरम, छातीचं अस्तर असा सगळा कारभार खांद्यात आणि छातीत असतो. तिथली मोड शर्टाच्या सुरकुतीसारखी इस्त्रीनं जात नाही.

एका रात्रीचा दौरा आणि एकच सूट असेल, तर वेगळी सूट-बॅग घेऊच नका. साध्या केबिन ट्रॉलीत काम होतं. कोटाचा डावा खांदा उलटा करायचा, म्हणजे अस्तर बाहेर येतं. उजवा खांदा तसाच त्याच्या आत बसवायचा. आता कोट उभा अर्धा झाला, रुंदी २७-२८. मग कमरेपाशी एकदाच दुमडायचा. त्या घडीत काहीतरी मऊ गुंडाळी ठेवा, म्हणजे वळण गोल राहतं, धार पडत नाही. इथं जयपुरात मी सांगानेरी मलमलची जुनी ओढणी वापरतो, तुमच्याकडे आईची जुनी सुती साडी असेल तर उत्तम. कोट झाला ३७ बाय २८, आरामात बसला. पँट आधी बॅगेत पसरायची, तिचा अर्धा भाग बाहेर लोंबू द्यायचा, वर कोट ठेवायचा आणि मग तो अर्धा भाग कोटावर घ्यायचा. हँडलच्या नळ्या आतून उंचवट्यासारख्या लागतात, त्यांच्यामधल्या खळग्यात मोजे भरा. हे पाच मिनिटांचं काम लोक करत नाहीत आणि पाच हजारांची बॅग घेतात.

दोन-तीन सूट असतील तर मात्र दुमडणारी सूट-बॅग हवी, जिच्यात कपडे हँगरसकट जातात. त्यातही दोन घड्यांची घ्या, तीन घड्यांची नको. दोन घड्यांच्या बॅगेत मोड कोटाच्या खिशांच्या आसपास येते, तिथं फारशी दिसत नाही. तीन घड्यांच्या बॅगेत ती पोटापाशी, बरोबर बटणावर येते, आणि समोर बसलेल्या माणसाची नजर तिथंच असते. दुकानात बॅग उघडून स्वतःचा कोट आत लावून बघा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.

पण या बॅगेची एक अडचण दुकानात कोणी सांगत नाही. मिटल्यावर ती साधारण ५५ बाय ५५ बाय १० होते, बेरीज १२०. मऊ असते म्हणून बहुतेकदा वर बसते, पण काउंटरवरच्या माणसानं नियम दाखवला तर आपल्याकडे उत्तर नसतं. देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेला सहसा ७ किलोच. कडक कवचाची ट्रॉलीच अडीच-तीन किलो, सूट सव्वा ते दीड, बूट एक किलो, दोन शर्ट, दाढीचं सामान. संपले ७ किलो. लॅपटॉपची छोटी पिशवी बऱ्याच कंपन्या वेगळी चालवून घेतात, तिकिटावर वाचून घ्या. मी कोट अंगात न घालता पातळ कव्हरात हातावर घेतो. जयपूरच्या मे महिन्यात कोट घालून रिक्षात बसणं म्हणजे कोटालाच घाम आणणं. विमानात बाकीच्यांचं सामान लावून झालं की शेवटी त्यावर अलगद पसरतो.

गोल डफलसारखी सूट-बॅगही मिळते. तिच्यात कोट बाहेरून गुंडाळला जातो आणि बूट, शर्ट मधल्या पोकळीत जातात. कुठंच कडक मोड नाही, म्हणून मला ती आवडते. फक्त चाकं नसतात. पाठीचं दुखणं असलेल्यांनी विचार करावा.

रेल्वेनं जाणाऱ्यांचं गणित सोपं. जयपूर-मुंबई सुपरफास्ट दुपारी निघते आणि सकाळी मुंबई सेंट्रलला सोडते. वजनाची कटकट नाही. पण सूट खुंटीवर लटकवून झोपू नका. रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्याचा खांदा त्याला लागतो. वरचा बर्थ घ्या आणि बॅग पायाशी आडवी ठेवा.

बंद गळ्याचा जोधपुरी कोट नेणार असाल तर कॉलरच्या आत गुंडाळलेले रुमाल भरा. ती कॉलर एकदा दबली की उभी राहत नाही. बायकांचे ब्लेझर आखूड असतात, त्यांना एवढा खटाटोप लागत नाही.

कापडाचंही थोडं बघा. चांगली लोकर रात्रभर टांगली की बऱ्याच चुण्या स्वतःच सोडते. बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ करून दार लावलं आणि पंधरा मिनिटं कोट आत टांगला, की आणखी सुधारते. आमच्या राजस्थानात भीलवाड्याला बनतं तसं पॉलिएस्टर-व्हिस्कोसचं सूटिंग मुळात कमी चुरगळतं, पण पडलेली मोड वाफेनं सहज जात नाही. त्याला ओला रुमाल वर ठेवून हलकी इस्त्री लागते. हॉटेलची इस्त्री थेट कोटावर कधीच फिरवू नका, चकाकी येते आणि ती जात नाही. लिननचा सूट दौऱ्यावर नेणाऱ्याला मी नमस्कारच करतो.

आणि एक. ड्रायक्लीनरकडून येतं ते पातळ प्लास्टिक फेकू नका. कोटाच्या घडीत ते घातलं की कापड एकमेकांवर सरकत राहतं, मोड बसत नाही. पावसाळ्यात मुंबईहून परतताना मात्र ते काढून टाका. दमट कोट दिवसभर त्यात राहिला तर कुबट वास धरतो, आणि मग कपाटातल्या बाकीच्या कपड्यांनाही तो लागतो.