घरातील न दिसणारा वायू : रॅडॉन आणि खुलताबाद



खुलताबाद पठारावर वसले आहे. भद्रा मारुतीच्या दर्शनाला, औरंगजेबाची साधी उघडी कबर पाहावयास किंवा म्हैसमाळला जाणारा प्रवासी येथील हवेची तारीफ करतो. ती हवा बाहेरची. दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीतील हवा कशी असते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

जमिनीतील युरेनियमचा सावकाश ऱ्हास होऊन रेडियम आणि त्यापासून रॅडॉन हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोकळ्यावर तो विरून जातो; जमिनीच्या भेगांतून बंद खोलीत शिरला की साचतो. ३.८ दिवसांत तो निम्मा होतो खरा, परंतु त्यातून निर्माण होणारे पोलोनियमसारखे किरणोत्सारी कण श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात. रॅडॉनमुळे मनुष्यास कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये मान्य केले.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९८४ च्या डिसेंबरात एक विलक्षण गोष्ट घडली. स्टॅन्ली वॉट्रस हे अभियंते अणुवीज केंद्रात कामावर येताच किरणोत्सार दर्शविणारी घंटा वाजू लागली. केंद्रातून वीजनिर्मिती सुरू झालेली नव्हती. किरणोत्सार ते घरूनच आणीत होते! त्यांच्या घरातील रॅडॉन अतिप्रचंड निघाला. शेजारची घरे मात्र तशी नव्हती. शेजाऱ्याच्या घरावरून आपल्या घराचा अंदाज बांधता येत नाही, तो असा.

खुलताबादपुरती एक दिलाशाची बाब आहे. वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, तोच बेसाल्ट येथे पायाखाली आहे, आणि ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम बरेच कमी असते. परंतु खडक अनुकूल असला तरी घर अनुकूल असेलच असे नाही. जाड दगडी भिंती, भेगाळलेली जमीन, तळघर, थंडीत रात्रभर बंद राहणारी दारे, या साऱ्यांचा परिणाम होतो. त्यामुळे मोजणी हाच एक मार्ग.

मोजणीसाठी वीज लागत नाही. सेल्युलोज नायट्रेटच्या फितीचा लहानसा तुकडा डबीत बसवून निजण्याच्या खोलीत, दार-खिडकीपासून दूर, साधारण तीन महिने टांगतात. अल्फा कणांचे सूक्ष्म ओरखडे तिच्यावर उमटतात. प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ती धुतली की सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजता येतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा डब्या विकसित केल्या असून विद्यापीठांतील संशोधक त्या वापरतात. गावातील प्रत्येक घरापासून आरंभ करण्याचे कारण नाही. एखादा जुना वाडा, एखादे सिमेंटचे घर, एखादी तळघराची खोली निवडावी. मोजणी हिवाळ्यात करावी आणि उन्हाळ्यात पुन्हा करावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घनमीटरला १०० बेकरेल ही मर्यादा सुचविली. ते शक्य नसेल तेथे ३०० च्या वर जाऊ नये, असे म्हटले. विडी-सिगारेट ओढणाऱ्यास रॅडॉनपासूनचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे २५ पट असतो. म्हणून ज्या घरात विडी ओढली जाते, तेथे ती सोडण्यास फितीच्या निकालाची वाट पाहू नये.

आकडा जास्त आलाच, तर जमिनीच्या व भिंतीच्या सांध्यांतील भेगा बुजवाव्यात, तळघरात हवा खेळती ठेवावी, निजण्याच्या खोलीला समोरासमोर झरोके ठेवावेत आणि नंतर त्याच जागी दुसरी फीत टांगावी.