किल्ली हातात देताना



दहावी-बारावीचे निकाल लागले की अनेक घरांत दिलेला शब्द पाळायची वेळ येते. "नव्वद टक्के पाड, गाडी घेऊन देतो," असं वडील वर्षभर सांगत आलेले असतात. टक्के पडतात आणि गाडी दारात येते. मला या सौद्यातच खोट दिसते. गाडीच्या बदल्यात आपण मार्क मागितले. रस्त्यावर कसं वागणार, हे विचारलंच नाही.

कायदा स्पष्ट आहे. १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मोटार चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचा, आणि आजच्या बहुतेक पेट्रोल स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठ्या आहेत. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या अशा गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं. जामिनासाठी ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली आणि महाराष्ट्र संतापला. तो संताप रास्तच होता. मला मात्र त्याआधीचा प्रश्न सलतो. अशी किल्ली मुलांच्या हाती पडतेच कशी?

मूल अठराचं झालं, तरी घाई नको. शिकाऊ परवाना असताना शेजारी परवानाधारक माणूस बसावाच लागतो. त्या जागेवर तुम्ही बसा. पावसात, रात्री, घाटात त्याच्यासोबत जा. पेट्रोल, पीयूसी, विम्याची तारीख त्याला सांभाळू द्या. आणि तुम्ही स्वतः सिग्नल तोडत असाल, तर यातलं काहीही त्याला सांगू नका. ते त्याच्या कानापर्यंत पोचणार नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून कबूल करून घ्याच. अपघात झाला तर पळायचं नाही. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. १०८ला फोन केला की रुग्णवाहिका येते. घरचे काय म्हणतील, या धास्तीनंही मुलं पळतात. म्हणून आजच त्याला सांगून ठेवा, "आधी त्या माणसाकडे बघ, मग मला फोन कर. मी येतो. रागवायचं ते नंतर बघू." असा भरवसा असलेलं मूल घटनास्थळी थांबण्याची शक्यता जास्त, आणि तेवढ्यानं एखाद्याचा जीव वाचू शकतो.

यंदा तुमच्या घरी गाडीचा शब्द दिला गेला असेल आणि मूल अजून अठराचं नसेल, तर तो शब्द मोडा. मूल रुसेल, चार दिवस बोलणार नाही. चालेल. पण किल्ली देऊ नका.