छतावरची नोकरी

कुणाच्या मुलाला नोकरी लागली असं कळलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'कंपनी कुठली?' नाव मोठं असलं की आपण निश्चिंत होतो. बँक, विमा, मोटारीचा कारखाना अशा ठिकाणी हा प्रश्न बऱ्यापैकी चालतो. आज ज्या धंद्याबद्दल बोलायचं आहे, तिथे मात्र तो फारसा कामाला येत नाही. धंदा आहे घरांच्या छपरांवर सौरऊर्जेचे संच बसवण्याचा आणि देश आहे अमेरिका. तिथे हा व्यवसाय आपल्या आधी फोफावला, त्यातल्या कंपन्या शेअर बाजारात गेल्या आणि त्यातल्या कितीतरी बुडाल्याही. त्यामुळे या कंपन्यांची 'मालक' म्हणून तुलना करायची तर तिथे भरपूर दाखले सापडतात.

आपण २०१५ सालात जाऊ. समजा, तीन मित्र आहेत आणि तिघांनाही या धंद्यात शिरायचं आहे. एक जण गेला सोलरसिटीत, दुसरा व्हिविंट सोलरमध्ये, तिसरा सनरनमध्ये. त्या वेळी घरगुती सौरऊर्जेत ही तीन मोठी नावं होती. त्यातही सोलरसिटीचा दबदबा सर्वांत जास्त. इलॉन मस्क यांच्या मावसभावांनी, लिंडन आणि पीटर राइव्ह यांनी, ती २००६ साली काढलेली. २०१५ अखेर तिच्याकडे सुमारे १५ हजार माणसं कामाला होती. छपरावर चढणारी माणसं स्वतःच्या पगारपत्रकावर ठेवण्याचं तिचं धोरण होतं. आईवडिलांना विचारलं असतं तर तिघांनाही त्यांनी तिथेच जायला सांगितलं असतं.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, टेस्लानं सोलरसिटी विकत घेतली. २०१७ मध्ये दारोदार जाऊन विक्री करण्याची पद्धत नव्या मालकांनी बंद केली. त्या एका निर्णयानं, दारं ठोठावून पोट भरणाऱ्या विक्रेत्यांच्या कामाचं स्वरूपच पालटलं. २०१८ मध्ये टेस्लानं सर्व विभागांतली मिळून सुमारे नऊ टक्के माणसं कमी केली आणि होम डेपो या दुकानांच्या साखळीतून होणारी सौरसंचांची विक्रीही थांबवायचं ठरवलं. मोटारगाड्यांच्या मालकाला छपरांत पूर्वीइतका रस राहिला नव्हता, असंच दिसत होतं.

दुसऱ्या मित्राची कंपनी, व्हिविंट सोलर, युटा राज्यातली. मॉर्मन पंथाची तरुण मुलं धर्मप्रचारासाठी दीड-दोन वर्षं घरोघरी फिरतात. दार आपटून बंद झालं तरी हसतमुखानं पुढच्या घरी जायचं, याचं असं शिक्षण जगातल्या कुठल्या व्यवस्थापन संस्थेत मिळत नाही. युटातल्या विक्री कंपन्यांना त्यातून तयार विक्रेते मिळाले. २०१५ मध्ये सनएडिसन नावाच्या बलाढ्य कंपनीनं व्हिविंट सोलर विकत घेण्याचा करार केला. मार्च २०१६ मध्ये तो मोडला आणि एप्रिलमध्ये सनएडिसनच दिवाळखोरीत गेली. व्हिविंटच्या माणसांचं नशीब म्हणायचं. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये सनरननं व्हिविंट सोलर आपल्यात सामावून घेतली. म्हणजे दुसरा मित्र जागेवरून न हलता तिसऱ्याचा सहकारी झाला.

तिसऱ्याची सनरन २००७ सालची, सॅन फ्रान्सिस्कोतली. सुरुवातीला ती पैसा उभा करायची आणि संच बसवण्याचं काम इतर कंत्राटदार करायचे. २०१४ मध्ये तिनं आरईसी सोलरचा घरगुती विभाग विकत घेतला, तेव्हा छपरावर चढणारी माणसं तिच्या घरची झाली. नावाचा सर्वांत कमी गाजावाजा असलेली ही कंपनी टिकली. २०२४ अखेर तिच्याकडे सुमारे ११ हजार माणसं होती.

पगार, सुट्ट्या, वरिष्ठांचं वागणं हे तुलनेचे नेहमीचे मुद्दे. संकेतस्थळांवर कर्मचारी आपल्या कंपनीला तारे देतात, तेही बहुतेक याच मुद्द्यांवर. माझा या ताऱ्यांवर विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. सौरऊर्जेच्या एका कंपनीत खरं तर दोन कंपन्या नांदत असतात. एक विक्रेत्यांची, दुसरी छपरावरच्या माणसांची. विक्रेत्याची कमाई मुख्यतः कमिशनवर. सही झाली की थोडे पैसे हाती पडतात, बाकीचे संच बसल्यावर. मधल्या काळात गिऱ्हाइकानं माघार घेतली की दिलेलं कमिशनही पुढच्या हिशेबातून कापून घेतलं जातं. दारावर झालेला सौदा तीन कामकाजाच्या दिवसांत मोडण्याचा हक्क ग्राहकाला तिथल्या कायद्यानंच दिला आहे. ग्राहकाच्या दृष्टीनं ही उत्तम सोय, विक्रेत्याच्या जिवाला मात्र तेवढे दिवस घोर. अनेक ठिकाणी हे विक्रेते कंपनीचे नोकरही नसतात, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून नोंदलेले असतात. म्हणजे आरोग्य विमा स्वतः काढायचा, कर स्वतः भरायचा. ज्याचा मोसम चांगला गेला तो पाच तारे देतो, ज्याचं कमिशन कापलं गेलं तो एक. छपरावर घाम गाळणाऱ्याचं मत या दोघांच्या मध्ये कुठेतरी हरवतं. अशा सरासरीतून काय कळणार?

छपरावरच्या कामाकडे येऊ. एक पॅनेल साधारण वीस किलोचं. ते उतरत्या छपरावर चढवायचं, पट्ट्या ठोकायच्या, माळ्यावरच्या तापलेल्या पोकळीत सरपटत जाऊन वायर ओढायची. उन्हाळा हाच कामाचा मोसम. जमिनीपासून सहा फुटांवर बांधकाम करणाऱ्याला पडण्यापासून संरक्षण मिळालं पाहिजे, असा केंद्रीय सुरक्षा नियम आहे. मात्र दोरी बांधायला दहा मिनिटं जातात आणि मजुरी कधी तासावर असते, तर कधी बसवलेल्या वॉटवर. वॉटवर मजुरी असली की ती दहा मिनिटं मजुराच्या खिशातून जातात. कॅलिफोर्निया राज्यानं २००५ सालीच उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी पाणी, सावली आणि विश्रांतीचा नियम केला. असा नियम सगळ्या राज्यांत नाही. त्यामुळे एकाच कंपनीच्या एकसारख्या टोप्या घातलेल्या दोन तुकड्यांची दुपार दोन राज्यांत वेगवेगळी जाऊ शकते.

मजुरीचे आकडे पाहा. अमेरिकी सरकारच्या श्रम सांख्यिकी विभागानुसार मे २०२३ मध्ये सौरसंच बसवणाऱ्याची मध्यम कमाई वर्षाला ४८,८०० डॉलर होती. परवानाधारक होण्यासाठी शिकत असलेले आणि परवाना मिळालेले असे सगळे इलेक्ट्रिशियन धरले, तर तीच मध्यम कमाई ६१,५९० डॉलर. तेरा हजार डॉलरच्या जवळपास फरक. आणि काम? बऱ्याचदा एकाच छपरावर, एकाच दिवशी. फरक आहे तो परवान्याचा. इलेक्ट्रिशियनचा परवाना मिळवायला साधारण चार ते पाच वर्षं उमेदवारी करावी लागते, आणि ती मोजली जाते तासांत. छपरावर घालवलेले तास या उमेदवारीत धरले जातात की नाही, हे राज्यावर आणि कंपनीवर अवलंबून असतं. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात या कामाचा बराच भाग परवानाधारक इलेक्ट्रिशियननंच करायचा असतो. म्हणून तिथे कंपनीला अशी माणसं ठेवावी लागतात आणि त्यांच्या हाताखाली शिकताही येतं. इतर काही ठिकाणी मुलगा चार वर्षं पॅनेल चढवतो आणि चौथ्या वर्षअखेर त्याच्याकडे पाठदुखीखेरीज दाखवायला काही नसतं. दोन कंपन्यांची तुलना करताना हा प्रश्न मला पगाराच्याही आधीचा वाटतो. कंपनी बुडाली तर तिनं दिलेलं ओळखपत्र रद्दी होतं. परवाना माणसाच्या नावावर राहतो.

आणि कंपन्या बुडाल्या, त्यांची यादी लांबलचक आहे. पॉवरहोम सोलर नाव बदलून पिंक एनर्जी झाली आणि २०२२ मध्ये बंद पडली. चोरीची सूचना देणाऱ्या यंत्रणांसाठी प्रसिद्ध असलेल्या एडीटीनं २०२१ मध्ये सनप्रो ही सौर कंपनी विकत घेतली, जानेवारी २०२४ मध्ये या धंद्यातून अंगच काढून घेतलं. ॲरिझोनातली टायटन सोलर पॉवर जून २०२४ मध्ये अचानक बंद झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये सनपॉवरनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ही काही कालची कंपनी नव्हती. स्टॅनफर्डचे प्राध्यापक रिचर्ड स्वॉन्सन यांनी १९८५ साली स्थापन केलेली. तिचे काही विभाग कम्प्लीट सोलारिया या कंपनीनं ४.५ कोटी डॉलरला घेतले आणि २०२५ मध्ये सनपॉवर हे जुनं नावही स्वतः धारण केलं. नाव जगलं, पण त्या नावाखाली नोकरी करणारे बरेच जण बाहेर पडले. ह्यूस्टनची सनोव्हा जून २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच्या थोडेच दिवस आधी तिनं ७१८ जणांना काढलं होतं. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसं.

एवढी पडझड का झाली? मागणी नव्हती असं नाही. या धंद्याची मुळं छपरात नसून कर्जात आणि कायद्यात आहेत. अमेरिकेत बऱ्याच कंपन्या गिऱ्हाइकाला संच विकत नाहीत, वीस-पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर देतात. बसवण्याचा खर्च आज करायचा, भाडं दर महिन्याला येत राहणार. मधली पोकळी भरायची कर्जानं आणि करसवलतीनं. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात तिथल्या मध्यवर्ती बँकेनं व्याजदर शून्याच्या जवळून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर नेले. त्याच सुमारास, एप्रिल २०२३ मध्ये, कॅलिफोर्नियात नव्या ग्राहकांच्या जादा विजेला मिळणारा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशानं घटला. जुलै २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानं, स्वतःच्या पैशानं संच घेणाऱ्या घरमालकाची ३० टक्के करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपवली. भाडेपट्ट्याच्या संचांची सवलत वेगळ्या कलमाखाली असल्यामुळे तिला काही काळ मुदत मिळाली. म्हणजे ज्या कंपनीचा धंदा रोख आणि कर्जाच्या विक्रीवर, तिथल्या विक्रेत्याच्या पोटावर घाव आधी. हे कुठल्याही ताऱ्यांत दिसत नाही. कंपनीच्या वार्षिक अहवालात दिसतं, आणि तो वाचायला वीस वर्षांच्या मुलाला कुणी सांगत नाही.

शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीनं मोठी कपात करताना साठ दिवसांची सूचना द्यावी, असा १९८८ चा कायदा अमेरिकेत आहे. पण कंपनी तग धरण्यासाठी भांडवल शोधत होती आणि सूचना दिली असती तर ते मिळालं नसतं, असं दाखवता आलं तर ही मुदत कमी होऊ शकते. आणि जो पोटकंत्राटदाराकडे कामाला आहे, त्याला मोठी कंपनी सूचना देणारच कशाला? तो तिचा नोकरच नाही.

या सगळ्यात एक वेगळी कंपनी आहे आणि तिचं नाव ऐकून तुम्हांला गंमत वाटेल. कोलोरॅडोतली 'नमस्ते सोलर'. २००५ साली निघालेल्या या कंपनीचं २०११ मध्ये सहकारी संस्थेत रूपांतर झालं. तिथे काम करणारा ठरावीक काळानंतर एक भाग विकत घेऊन मालक होऊ शकतो आणि प्रत्येक मालकाला एकच मत. आपल्याकडे साखर कारखान्यांचा सहकार शेतकऱ्यांचा, तिथल्या कामगाराचा नव्हे. नमस्तेचं नातं त्यापेक्षा गिरगावात १९५९ साली सुरू झालेल्या लिज्जत पापडाच्या भगिनींशी जास्त जवळचं. व्याजदर तिथेही वाढतात आणि कायदे तिथेही बदलतात, हे खरं. पण तोटा आला तर कुणी किती सोसायचा, या चर्चेत छपरावर चढणारा बसलेला असतो. मला हा फरक पगारातल्या दोन-चार डॉलरांहून मोठा वाटतो.

आता आपल्याकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पंतप्रधान सूर्यघर' योजना आली, एक कोटी घरांचं लक्ष्य घेऊन. महाराष्ट्रातही गावोगाव छतांवर पॅनेल दिसू लागली आहेत. इथे अमेरिकेसारख्या अवाढव्य कंपन्यांपेक्षा नोंदणीकृत विक्रेते आणि त्यांच्या हाताखालचे छोटे ठेकेदार हेच मुख्यतः मालक. आयटीआयमधून तारतंत्री किंवा विजतंत्री होऊन निघालेला मुलगा अशाच एखाद्याकडे लागतो. त्यानं पहिल्या दिवशी पगाराबरोबर आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. माझा अनुभव कुणाच्या सहीनं लेखी मिळेल? माझं नाव भविष्य निर्वाह निधीत आहे का? सुरक्षा पट्टा कंपनीचा, की मी आणायचा? आणि योजनेच्या अटीप्रमाणे विक्रेत्यानं बसवलेल्या संचाची पाच वर्षं देखभाल करायची असते. त्या देखभालीसाठी या मालकानं माणसं कायम ठेवली आहेत, की दर वेळी नाक्यावरून कुणाला तरी बोलावतो, हे आधीच्या गिऱ्हाइकांकडे एक चक्कर मारली तरी कळतं.