बातम्यांचा शीण

अन्नाशिवाय शरीर चालत नाहीं आणि बातमीशिवाय समाज चालत नाहीं. पलीकडच्या गांवीं पूर आला, बाजारांत भाव उतरला, शेजारीं साथ पसरली, हें ज्याला वेळेवर कळत नाहीं त्याचें नुकसान होतें. परंतु अन्नाविषयीं जो नियम, तोच बातमीविषयीं. पचेल तेवढें खाल्लें तर तें अंगीं लागतें. दिवसभर तोंड चालू ठेवलें तर अजीर्ण होतें, आणि अजीर्ण झालेल्याला पंचपक्वान्नाच्या ताटाचीहि शिसारी येते. आज पुष्कळ सुजाण माणसांच्या मनाची अशीच अवस्था झालेली दिसते. बातमी ऐकावी तर मन खिन्न होतें. न ऐकावी तर कांहीं तरी हुकल्याची रुखरुख लागते. रात्रीं झोंप येत नाहीं म्हणून मोबाईल हातांत घ्यावा, आणि मोबाईल हातांत घेतला म्हणून झोंप येऊं नये, असें हें चक्र आहे. या अवस्थेला बातम्यांचा शीण हें नांव शोभेल.

हा शीण एकाच प्रांताचा नाहीं. ऑक्सफर्ड येथील रॉयटर्स संस्था अनेक देशांतील लोकांची दरवर्षीं पाहणी करते. बातम्या अधूनमधून किंवा वारंवार मुद्दाम टाळणाऱ्यांचें प्रमाण २०१७ सालीं शेंकडा २९ होतें. २०२४ सालीं तें शेंकडा ३९ झालें. म्हणजे दहांतील जवळजवळ चौघे बातमीकडे पाठ फिरवूं लागले आहेत. त्यांना बेफिकीर म्हणणें सोपें आहे. परंतु त्यांनीं पाठ कां फिरवली, हें पाहिल्यावांचून निवाडा देणें न्यायाचें होणार नाहीं.

नांदेडहून देगलूरकडे व पुढें हैदराबादेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नायगांवाचेंच उदाहरण घ्यावें. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होता. तेथें सभा भरवावयाची तर गश्ती निशाण ५३ प्रमाणें आधीं परवानगी काढावी लागे. आ. कृ. वाघमारे यांचें 'मराठवाडा' साप्ताहिक राज्याबाहेर छापलें जाई, आणि बंदी आली कीं नवें नांव धारण करून पुन्हां येई. नायगांवाच्या शेजारच्या बिलोली भागांत, अर्जापूर येथें, १९४६ सालीं गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. असल्या काळांत खरी वार्ता मिळविणें हेंच एक धाडस होतें. बातमी दुर्मिळ होती, म्हणून तिला मोल होतें. वर्तमानपत्र हातीं लागलें तर एकानें वाचावें आणि दहांनीं ऐकावें, अशी रीत होती. वाचून झाल्यावर कोणी शंका काढी, कोणी धीर देई, आणि कोणी तरी "आतां काय करावयाचें?" असा प्रश्न टाकी. बातमीचा भार असा चौघांत वांटला जाई.

आज त्याच मुलखांत बातमीचा दुष्काळ नाहीं, अतिवृष्टि आहे. आणि ती ज्याच्या त्याच्या हातांत, ज्याच्या त्याच्या अंथरुणांत, एकट्यावर कोसळते. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं हिंगोली जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि १० जुलैला पुन्हां तसाच धक्का बसला. दोन्ही वेळां नांदेड जिल्ह्यांत जमीन हालली. भूकंप म्हटला कीं मराठवाड्यांतील वडीलधाऱ्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते. हजारों माणसें त्या पहाटे झोंपेंतच दगडमातीखालीं गेलीं. त्यांच्या छातींत धस्स व्हावें हें स्वाभाविक होय. परंतु धक्का कांहीं क्षणांत संपतो. त्याची चित्रफीत मात्र दिवसभर संपत नाहीं. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभीं नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्याची, आणि त्यांत १२ नवजात बालकें असल्याची वार्ता आली. ज्या घरांत बाळंतपण जवळ आलें होतें, तेथें ती वार्ता कानांवर पडल्यावर काय झालें असेल, याची कल्पनाच करावी.

मनावर असा आघात होतो तेव्हां शरीरांत काय घडतें? संकटाची चाहूल लागतांच हृदय जलद चालूं लागतें, स्नायु ताठ होतात, श्वास वाढतो. ही निसर्गाची तयारी असते. घरांत साप निघाला तर मनुष्य पळतो किंवा काठी उचलतो. काम झालें कीं अंग सैल पडतें. बातमी ऐकून अंग तसेंच ताठ होतें, परंतु हातांना काम मात्र मिळत नाहीं. हजार कोसांवरील आग विझवितां येत नाहीं, आणि तिच्याकडे पाहणेंहि थांबवितां येत नाहीं. तयारी होते, कृति होत नाहीं. तोंच दुसरी बातमी येते. बातम्यांच्या शिणाचें एक मोठें मूळ येथें आहे. मनुष्याला थकवितें तें ज्ञान नव्हे. निरुपायपणें, एकट्यानें, तेंच तें पाहत राहणें थकवितें.

याला एक पुरावा आहे. १५ एप्रिल २०१३ रोजीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं धांवण्याच्या शर्यतींत बॉम्बस्फोट झाले. होल्मन, गार्फिन व सिल्व्हर या विदुषींनीं पुढील कांहीं आठवड्यांत साडेचार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यांत ज्यांनीं रोज सहा तास किंवा अधिक वेळ त्या घटनेच्या बातम्या पाहिल्या होत्या, त्यांनीं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागीं असलेल्यांपेक्षांहि अधिक तीव्र ताण सांगितला. मुळांत भयभीत असलेलाच मनुष्य बातम्या अधिक पाहतो, असाहि आक्षेप येथें घेतां येईल, आणि तो निराधार नाहीं. परंतु त्यावरून इतकेंच ठरतें कीं भय बातमीकडे ओढतें, बातमी भय वाढविते, आणि दोघें एकमेकांना पोसतात.

साठलेलें भय निरुपद्रवी राहत नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध माणसांना जमावानें ठार केलें. मुलें पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून गांवोगांव फिरत होती. ताठलेल्या हातांना काम हवें होतें. अफवेनें त्यांना तें दिलें. तेव्हां मनाच्या स्वास्थ्याचा प्रश्न हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न नव्हे. पांच जिवांचें मोल त्यांत जाऊं शकतें.

मग कान बंदच करावे कीं काय? तसें केल्यानेंहि हानि होते. नांदेडच्या रुग्णालयाची वार्ता प्रसिद्ध झाली, आणि त्याच आठवड्यांत मुंबई उच्च न्यायालयानें स्वतः होऊन तिची दखल घेतली. ती दडपली जाती तर प्रश्न कोणी विचारला असता? ऑगस्ट २०२५ मध्यें शेजारच्या मुखेड तालुक्यांत अतिवृष्टि होऊन हसनाळ, रावणगांव या गांवांना पाण्यानें वेढलें. अशा प्रसंगीं पाणी वाढत असल्याची सूचना हीच जीव वांचविणारी गोष्ट होय. २०२४-२५ च्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, हें ज्याला ठाऊक नव्हतें, त्यानें कमी भावाविरुद्ध तोंड कसें उघडावें? जी बातमी ऐकून कांहीं करतां येतें, ती अवश्य ऐकावी. जी ऐकून कांहींच करतां येत नाहीं, ती एकदां ऐकणें पुरे; सात वेळां पाहिल्यानें दुःखिताचें दुःख तिळमात्र कमी होत नाहीं.

यावरून आचरणाचे कांहीं नियम सहज निघतात. बातमीला वेळ नेमून द्यावी. सकाळीं एकदां व सायंकाळीं एकदां, आणि निजण्यापूर्वींच्या तासांत मुळींच नाहीं. आलेला निरोप पुढें धाडण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे : हें कोणीं पाहिलें, हें केव्हांचें आहे, आणि हें कळून कोणाला काय करतां येईल? पुराच्या व भूकंपाच्या जुन्या चित्रफिती नव्या म्हणून फिरतात, त्या दुसऱ्या प्रश्नापाशींच अडतील. शेतकऱ्याच्या आत्महत्येची वार्ता सांगतांना मृत्यूच्या प्रकाराचें वर्णन करूं नये. खचलेल्या मनावर त्याचा वाईट परिणाम होऊं शकतो, असें मानसशास्त्राचे जाणकार बजावतात. त्याऐवजीं मागें राहिलेल्या कुटुंबाला काय हवें, हें बोलावें.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे, बातमी पुन्हां चौघांत आणावी. पुरुषांना पार आहे, हॉटेलाचें बांकडें आहे. स्त्रियांना खुरपणीची पात आहे, बचत गटाची बैठक आहे. तेथें कोणी "हल्लीं कांहीं ऐकवत नाहीं" असें म्हणालें, तर "त्यांत काय एवढें" म्हणून त्याला गप्प करूं नये, "पहिलवान गड्या, तूं आणि भितोस?" अशी थट्टाहि करूं नये. त्याला बोलूं द्यावें. पुष्कळदां त्याला उत्तर नको असतें. आपल्यासारखेंच दुसऱ्यालाहि वाटतें, एवढें कळलें तरी त्याच्या मनावरचें ओझें हलकें होतें. आणि जमल्यास उठतांना एखादें लहानसें काम ठरवावें. गांवच्या पुलावर पाणी आलें तर वाहनें कोणीं अडवावीं, एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे कोणीं जावें, एवढें ठरलें तरी ताठलेल्या हातांना काम मिळतें.

मित्रमंडळीनें सर्व दुःख निवारतें असें मात्र नाहीं. दोन आठवडे झोंप नीट लागत नाहीं, अन्नावर वासना नाहीं, कामांत मन लागत नाहीं, किंवा जगण्यांत अर्थ नाहीं असें वाटूं लागलें, तर तो शीण राहिला नाहीं. तो आजार झाला. हाड मोडलें तर कोणी पारावर बसून राहत नाहीं. मनाच्या दुखण्यालाहि वैद्य हवा. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयांत मनोविकारांवर उपचार होतात. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची टेलिमानस ही सेवा सुरू झालेली आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला असतां कोणत्याहि वेळीं, विनामूल्य, मराठींतून बोलतां येतें. ज्या मोबाईलवरून रात्रभर भय घरांत येतें, त्याच मोबाईलवरून हा क्रमांकहि लागतो. तो क्रमांक घरांतील भिंतीवर, दुधाच्या हिशेबाशेजारीं, ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.